प्रतिसाद: खांदा का दुखतोय आणि आयबुप्रोफेन का नको

वजन कमी करायचं ऑपरेशन पोटाचं आणि तिसऱ्या दिवशी ठणकतोय उजवा खांदा, हे वाचून माझेच दिवस आठवले. मीही घाबरले होते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यानं श्वासपटल चिडतं आणि त्याची नस खांद्याच्याच मज्जातंतूंशी जोडलेली, म्हणून कळ तिथे उमटते. दोन-चार दिवसांत ओसरते. तोवर दर तासा-दोन तासांनी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारा. खोकताना किंवा उठताना उशी पोटाशी घट्ट धरली की टाक्यांवर ताण येत नाही. माझी ती उशी पंधरा दिवस हातातून सुटली नाही!

वर कुणीतरी आयबुप्रोफेन सुचवलंय, ते मात्र कृपा करून घेऊ नका. डायक्लोफिनॅकही नको. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात; त्या नव्या जोडाशी अल्सर होण्याचा धोका या गोळ्यांनी वाढतो, आणि ही बंदी बहुधा कायमचीच असते. स्लीव्हवाल्यांनीही (म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकलेल्यांनी) सर्जनला विचारल्याशिवाय हात लावू नये. पॅरासिटामॉल चालतं, सुरुवातीला पातळ औषधाच्या रूपात. पण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं, तेव्हा एकूण मात्रा मोजा. ट्रॅमाडॉलसारखं जोरदार वेदनाशामक दिलं असेल तर बद्धकोष्ठ ठरलेलं. हळू विरघळणारी गोळी कुटून घेऊ नका, सगळा डोस एकदम अंगात जातो.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, ताप आहे, नाडी बसल्या जागी १२०च्या वर, असं असेल तर इथे विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. जोड गळत असू शकतो.