डेव्हलपर डॉक्सच्या डागडुजीसाठी ट्रेझरीकडे निधी कसा मागावा?

साखळीदार:
आमची साखळी (ब्लॉकचेन) ईव्हीएमशी, म्हणजे इथेरियमचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेशी, सुसंगत आहे. डॉक्सची (डेव्हलपरांसाठीच्या माहितीची) दीडशेच्या आसपास पाने, त्यातली बरीच २०२१ ची. कुठे ट्रफल, कुठे हार्डहॅट (दोन्ही असे प्रोग्राम बनवण्याची साधने), फॉसेटचे (चाचणीसाठी फुकट टोकन देणाऱ्या पानांचे) दुवे बंद. ‘डॉक्स सुधारणे’ या नावाने ट्रेझरीकडे (साखळीच्या सामायिक निधीकडे) मांडलेला प्रस्ताव मतदानात पडला. आक्षेप एकच होता: काम झाले की नाही, हे ठरवायचे कसे? नवा प्रस्ताव कसा बांधावा, आणि वर्षभरात डॉक्स पुन्हा शिळे होऊ नयेत म्हणून काय करावे?

कमिटमागे_कमिट:
‘सुधारणे’ला शेवट नसतो, आणि शेवट नसलेल्या कामाला लोक मत देत नाहीत. पैसे मागण्याआधी आठवडाभर नुसती पाहणी करा. तक्त्यात प्रत्येक पानापुढे लिहा: शेवटचे कधी चालवून पाहिले, कोणत्या कंपायलर आवृत्तीवर, जबाबदार कोण, आणि निकाल: चालते, मोडले की काढून टाकायचे. काढून टाकताना हात आखडू नका. ट्रफल बंद करण्याची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्येच झाली. त्या पानांची डागडुजी म्हणजे पैसा पाण्यात. रॉपस्टेन, रिंकबी, गोर्ली या बंद पडलेल्या टेस्टनेटचा (चाचणीसाठीच्या साखळ्यांचा) उल्लेख असलेली पानेही त्याच रांगेत.

मग तुमच्या साखळीवर कधीच काम न केलेले पाच डेव्हलपर बसवा. कोऱ्या मशीनपासून टेस्टनेटवर कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर चालणारा प्रोग्राम) डिप्लॉय आणि व्हेरिफाय (मूळ कोड त्याच्याशी जुळतो याची खात्री) होईपर्यंत घड्याळ लावा. मदत करायची नाही. कोण, कुठे, कितव्या मिनिटाला अडले एवढेच टिपायचे. हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात द्या. ‘पाचपैकी चौघांचे कॉन्ट्रॅक्ट ३० मिनिटांत व्हेरिफाय झाले पाहिजे’ हा माइलस्टोन कोणालाही तपासता येतो. पानांची किंवा शब्दांची संख्या मात्र माइलस्टोनमध्ये घालू नका, पाने विनाकारण फुगतात.

एक जागा आधीच तपासा. सॉलिडिटी (कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याची भाषा) ०.८.२० पासून कंपायलरचे मूळ लक्ष्य शांघाय ही ईव्हीएम आवृत्ती झाले, म्हणजे बाइटकोडमध्ये पुश-झिरो हा ऑपकोड (यंत्राला दिलेली सूचना) येतो. तुमच्या साखळीने तो अजून स्वीकारला नसेल, तर डिप्लॉय करताना ‘इनव्हॅलिड ऑपकोड’ येतो आणि नवा माणूस चूक स्वतःच्या कोडमध्ये शोधत बसतो. कॉन्फिगमध्ये ईव्हीएम आवृत्ती ‘पॅरिस’ ठेवली की प्रश्न सुटतो. ०.८.२५ पासून मूळ लक्ष्य कॅनकून झाले, तिथेही तीच गत. ही ओळ अगदी पहिल्या ट्युटोरियलमध्ये हवी, कुठल्या तरी कोपऱ्यातल्या प्रश्नोत्तरांत नको.

बिल्ड_हिरवे:
शिळे होण्याबद्दल. कोड मार्कडाउनमध्ये चिकटवला की तो त्याच दिवसापासून सडायला लागतो. उदाहरणे स्वतंत्र प्रोजेक्टमध्ये ठेवा आणि बिल्डच्या वेळी पानात ओढा. एमडीबुक या डॉक्स बनवण्याच्या साधनात त्यासाठी इन्क्लूडची सोय आहे, एमकेडॉक्सला स्निपेट्सचे एक्स्टेन्शन मिळते, इतरत्र छोटी स्क्रिप्ट पुरते. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोडमधल्या बदलाच्या प्रस्तावावर) ही उदाहरणे स्थानिक अ‍ॅन्व्हिल नोडवर (स्वतःच्या मशीनवरच्या चाचणी-साखळीवर) चालवा. सार्वजनिक टेस्टनेटवरची चाचणी पुल रिक्वेस्टला जोडू नका: आरपीसी (साखळीशी बोलण्याची सेवा) अधूनमधून गळते, बिल्ड उगाच लाल होते, आणि आठवडाभरात लोक लाल रंगाकडे पाहणेच सोडून देतात. ती चाचणी आठवड्यातून एकदा वेगळी चालवा. फॉसेट आटला किंवा चेन आयडी बदलला की तिथे कळेल.

ईथर्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीची आवृत्तीही नेमकी नोंदवा. पाचवरून सहावर जाताना बिगनंबर गेला आणि त्या जागी जावास्क्रिप्टचा बिगइंट आला; वेब३प्रोव्हायडरचा ब्राउझरप्रोव्हायडर झाला. पॅकेज फाइलमध्ये आवृत्ती बांधली नसेल, तर जुने पान वाचणाऱ्याला नवी लायब्ररी मिळते आणि पहिल्याच ओळीला सगळे थांबते.

डॉक्युसॉरस (डॉक्सची साइट बनवण्याचे साधन) वापरत असाल तर आवृत्त्या दोनच ठेवा. प्रत्येक आवृत्तीसाठी तो अख्खे फोल्डर कॉपी करतो, त्यामुळे एक दुरुस्ती तितक्या जागी करावी लागते. चार प्रती सांभाळणारा मेंटेनर फार दिवस टिकत नाही.

हिशेबतपासनीस:
पैशाची बाजू. एकरकमी अनुदान मागितले की पाने लिहून होतात आणि लिहिणारा निघून जातो. दोन भाग करा: तीन महिन्यांची दुरुस्ती, आणि पुढे नऊ महिन्यांची देखभाल, दरमहा ठरलेल्या तासांची. देखभालीत काय येते तेही लिहा: दर हार्ड फोर्कच्या (साखळीच्या नियमांतल्या मोठ्या बदलाच्या) आधी बाधित पाने तपासणे, आठवड्याच्या चाचणीतले बिघाड तीन दिवसांत सोडवणे, इश्यूंना उत्तरे. माझ्या मते एकूण रकमेतला निम्मा हिस्सा तरी देखभालीला हवा.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी बाब म्हणजे तपासणाऱ्याचा वेळ. क्लायंट (साखळी चालवणारे सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्या डेव्हलपरने नजर घातल्याशिवाय आरपीसीचे पान खरे मानता येत नाही, आणि त्याला दुसरी शंभर कामे असतात. त्याचे तास अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर तयार पुल रिक्वेस्ट दोन-दोन महिने लटकतात.

रक्कम स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरसारख्या चलनाशी बांधलेल्या टोकनमध्ये) मांडा. ट्रेझरी स्वतःचे टोकनच देत असेल, तर हप्त्याच्या दिवसाआधीच्या ३० दिवसांच्या सरासरी भावाने हिशेब धरा, आणि राखीव किती व उरले तर परत कुठे जाणार हेही लिहून ठेवा. हप्ते तीनपैकी दोन सह्यांच्या मल्टिसिगमधून (अनेक सह्यांच्या वॉलेटमधून) सोडा. त्यातला एक सहीदार लेखकांच्या गटाबाहेरचा हवाच.

साखळीदार:
पाहणीचा तक्ता उद्यापासून सुरू करतो. किरकोळ दुरुस्त्यांसाठी पानामागे बाउंटी (ठरलेले बक्षीस) ठेवावी का? आणि क्वाड्रॅटिक फंडिंगच्या (अनेकांच्या छोट्या देणग्यांना जास्त वजन देणाऱ्या निधीवाटपाच्या) फेरीत उतरावे का?

हिशेबतपासनीस:
बाउंटी पानामागे नको, मोडलेल्या उदाहरणामागे ठेवा: आधी चाचणी लाल होती, आता हिरवी आहे, असा पुरावा असेल तरच पैसे. पानामागे ठेवलीत तर न चालवलेला मजकूर ढिगाने येईल आणि तो वाचण्यातच तपासणाऱ्याचे तास संपतील.

क्वाड्रॅटिक फेरीत देणाऱ्यांची संख्या रकमेपेक्षा जड ठरते. वर्गमुळांच्या बेरजेचा वर्ग करायचा, म्हणून १ युनिट देणारे १०० जण १०,००० चे वजन उभे करतात, आणि १०० युनिट देणारा एकटा १०० चेच. डॉक्स वाचणारे खूप असले तरी फेरीच्या वेळी त्यांना आठवण राहत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी फेरीचा दुवा लावलात तरच हे गणित तुमच्या बाजूने वळेल. देखभालीचा पगार मात्र त्यावर टांगू नका, दर फेरीत रक्कम बदलते. त्यातून अनुवाद किंवा नवे ट्युटोरियल करा.