जामीन मंजूर होऊनही पोरगं आत. जामीनदार आणायचा कुठून?

स्पॅनरवाला (चिंचवड)

नमस्कार मंडळी. कोर्टाच्या कामातलं कोणी असेल तर कृपया नीट वाचा आणि मार्ग सांगा.

माझं दुचाकीचं गॅरेज आहे. माझ्याकडे हाताखाली काम करणारा एक मुलगा, वय २१, मूळचा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला. चोरीच्या गाडीचे पार्ट खोलून दिले म्हणून पोलिसांनी त्याला आणि आणखी एकाला उचललं. त्यानं केलं की नाही ते कोर्ट ठरवेल, मी त्यावर बोलत नाही. दिवाळीच्या आधी दोघांनाही एकाच आदेशानं जामीन मिळाला. २५ हजारांचा जातमुचलका (आरोपीनं स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. दुसऱ्या मुलाच्या वडिलांचा इथेच फ्लॅट आहे. त्यांनी घरपट्टीची पावती दाखवली आणि तो त्याच संध्याकाळी घरी गेला. आमचा पोरगा संक्रांत उलटली तरी आतच आहे.

वडील वारलेत. गावाकडे ३० गुंठे जमीन आहे, पण सातबारा अजून वडिलांच्याच नावावर, वारस नोंद झालेली नाही. आई अर्धा कोयता, म्हणजे जोडीदाराशिवाय एकटी मजूर म्हणून सांगली जिल्ह्यात ऊसतोडीला गेलीय. मी स्वतः जामीन राहायला तयार आहे. शॉप अॅक्ट घेऊन गेलो, पण माझं घर भाड्याचं आणि गाळाही भाड्याचा. टेबलावरच्या माणसानं कागद उलटून बघितले आणि म्हणाला, स्वतःच्या नावावर मिळकत नाही, चालणार नाही. फाईल वर गेलीच नाही. ज्या वकिलांनी जामिनाचं काम केलं ते म्हणतात की रोख भरायची असेल तर वेगळा अर्ज, त्याची वेगळी फी. कोर्टाबाहेर चहाच्या टपरीजवळ एक जण भेटला. आठ हजार द्या, जामीनदार उभा करतो म्हणाला. सातबारा, रेशन कार्ड, सगळं त्याच्याकडे तयार.

मागच्या मुलाखतीला आईचा निरोप सांगितला तर पोरगा काचेपलीकडे नुसता मान हलवत होता. त्याची आई म्हणते, मुकादमाकडून आणखी उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेते आणि पैसे भरते. आधीचीच फिटलेली नाही. म्हणजे पोराला सोडवायला तिनं पुढचा हंगामही मुकादमाकडे गहाण टाकायचा.

कलम एक, आदेश एक, रक्कम एक. मग एक बाहेर आणि एक आत, हे कायद्यात बसतं का?

भोसरीकर

दादा, तुमच्या भावना समजतात. पण माझी गाडी अशीच चोरीला गेली होती. हप्ते चालू होते. सहा महिन्यांनी पोलिसांना सापडली, तर टाकी नाही, मागचं चाक नाही. अजून पोलीस ठाण्याच्या आवारात पावसापाण्यात उभी आहे. चोराला लगेच जामीन, आणि मी रिक्षानं कंपनीत जातो. आमच्या हक्कांचं कोण बघतं? त्याबद्दलही कोणी लिहा.

पायरी_चढलेली (पूर्वी लोकअभिरक्षक, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात, आता स्वतंत्र वकिली)

स्पॅनरवाला दादा, आधी एक गोष्ट. टपरीवाल्याला आठ हजार देऊ नका. असे भाडोत्री जामीनदार खोटा सातबारा आणि खोटं रेशन कार्ड लावतात. पकडले गेले की फसवणूक आणि बनावट कागदपत्रांचा नवा गुन्हा लागतो, आणि त्यात तुमचं किंवा पोराचं नाव आलं तर आहे तो जामीनही जाईल.

आता तुमच्या प्रश्नाचं. हे कायद्यात बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४ सांगतं की बंधपत्राची रक्कम प्रकरणाची परिस्थिती बघून ठरवायची आणि ती अवाजवी नसावी. जुन्या संहितेत हेच कलम ४४० होतं. जामीनदाराकडे जमीन किंवा फ्लॅट असलाच पाहिजे असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. जामीनदार पुरेसा आहे की नाही हे न्यायाधीशांनी ठरवायचं असतं, प्रतिज्ञापत्रावरही ठरवता येतं. टेबलावरच्या माणसाला तो अधिकार नाही. इन्कम टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, शॉप अॅक्ट हे सगळं लावून कागद न्यायाधीशांसमोर जाऊ द्या. नाकारायचेच असतील तर त्यांनी लेखी आदेश करून नाकारावेत.

शिवाय हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात फार जुना आहे. १९७८ सालचं मोतीराम प्रकरण. मध्य प्रदेशातला गवंडी, जामीन मंजूर झालेला. मॅजिस्ट्रेटनं १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, का तर भाऊ आणि त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते खोडून काढलं आणि हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. त्याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. तरी पाटोद्याचा मुलगा पुणे जिल्ह्यात ‘बाहेरचा’ ठरतो, याचा मला मनापासून संताप येतो. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांमागे तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. त्यातले सगळे जामीनदाराअभावी अडकलेले नसतात, पण माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी बऱ्याच जणी ह्याच कारणासाठी येत.

तुमच्या हातात असलेलं सगळ्यात ठोस हत्यार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश. जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात बंधपत्र झालं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करायचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदारच हवा या कोर्टाच्या हट्टानं सुटका लांबते, म्हणून अशी अट घालू नये, असंही त्यात सुचवलंय. तुमचा महिना कधीच उलटून गेलाय.

तेव्हा कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न बघत नाहीत. लोकअभिरक्षकांना दोन गोष्टींचा अर्ज करायला सांगा. स्थानिक जामीनदाराची अट काढून नुसत्या जातमुचलक्यावर सोडावं. ते न जमल्यास कमी रकमेच्या तात्पुरत्या रोख जामिनावर सोडून जामीनदारासाठी मुदत द्यावी. एकाच आदेशातला सहआरोपी सुटलाय हे अर्जात ठळक लिहा.

आईला उचल घेऊ देऊ नका. २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे. जामिनासाठी मदत (२०२३ मध्ये ती ४० हजारांपर्यंत होती), जिल्हा पातळीवरची समिती मंजूर करते. अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कृत्यं रोखण्याचा कायदा) असल्या गुन्ह्यांना ती नाही, साध्या चोरीला चालते. वेळ लागतो, म्हणून अर्ज दोन्हीकडे एकदमच टाका.

भोसरीकर, तुमचंही रास्त आहे. पण जामीन म्हणजे सुटका झाली असं नव्हे. खटला चालतो, शिक्षा व्हायची ती होते. तो आत बसला म्हणून तुमची गाडी दुरुस्त होत नाही. तुमची गाडी मुद्देमालात आहे. ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची हमी लिहून देऊन, परत मिळावी असा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करा. २००२ च्या सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्या. आरसी बुक आणि विम्याची प्रत घेऊन जा.

ऊसपट्टा

आमच्या भागात मुकादमाची उचल म्हणजे काय ते रोज बघतो. त्या माउलीला खरंच थांबवा. आणि वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे मृत्यू दाखल्यासकट अर्ज द्या. आता नाही तरी पुढे सातबारा तिच्या कामाला येईल.

स्पॅनरवाला (चिंचवड)

ताई, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. मी समजत होतो की जामीनदाराला २५ हजार आधीच भरावे लागतात. एक शंका आहे. पोलिसांनी लावलेल्या कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. काही दिवस काढले की आपोआप सुटतो असं आतले लोक पोराला सांगतायत. खरं आहे का?

पायरी_चढलेली

जामीनदार नुसती हमी देतो. आरोपी तारखेला आला नाही तरच त्याच्याकडून रक्कम वसूल होते.

दुसरं अर्धं खरं. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायचं, नाहीतर निम्म्यावर. तीन वर्षांचं कलम असेल तर एक वर्ष झालं. दुसरी केस चालू असेल तर हा फायदा मिळत नाही. ज्याला ऑक्टोबरातच जामीन झालाय त्यानं वर्षभर कशाला थांबायचं? तुम्ही सोमवारीच प्राधिकरणात जा. जामिनाच्या आदेशाची प्रत, आईचा आधार आणि तुमच्या शॉप अॅक्टची मूळ प्रत सोबत ठेवा. आधीच्या वकिलांकडून केस नंबर लिहून घ्या, नाहीतर अर्धा दिवस तो शोधण्यातच जाईल.