मदत हवी आहे: दळणाच्या गिरणीतून पीठ विकायचं, हिशोब बसेल का?

कोल्हापुरात राजारामपुरीत 10 एचपीची दगडी चक्की, तासाला साधारण 100 किलो गहू निघतो. दळण कमी होत चाललंय, लोक पाकिटाचं पीठ नेतात. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सिहोर किंवा लोकवन जातीचा गहू घेऊन 5 किलोची पाकिटं करायची आहेत. गहू 32 रुपयांनी पडला तर पीठ कितीला पडेल? आणि पाकिटात गुठळ्या होतात त्या कशानं?

उत्तर १
आधी घट धरा, बहुतेकांचं गणित तिथंच चुकतं. खडा, काडी, बारीक दाणा यात किलो-दीड किलो जातं, दळताना ओल उडते ती वेगळी. 100 किलोचं 97 किलो पीठ हाती आलं तर 3200 भागिले 97, म्हणजे वीज धरायच्या आधीच 33 रुपये. ही मोटर पूर्ण लोडवर तासाला आठ-साडेआठ युनिट खाते. युनिट 10 रुपयांचं धरलं तर किलोमागे 85 पैसे. वर पाकीट, मजुरी, दगडाची झीज. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर 5 टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या पिठावर नाही. म्हणून गिऱ्हाइकासमोर दळून सुटंच द्या असं माझं ठाम मत आहे. मोठ्या कंपनीशी पाकिटाच्या भावात भिडू नका.

उत्तर २
गुठळ्या गरम पिठानं होतात. पीठ पडतं तिथं हात धरा. चटका बसला तर दगड बोथट झालाय किंवा फार आवळलाय. दगडाला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून घ्या, मग दाब थोडा सैल करा. पीठ पसरून पूर्ण गार झाल्यावरच पाकीट बंद करायचं, नाहीतर आत घाम धरतो, गुठळी होते, पुढं वास येतो. बाजरीचं तर भरूनच ठेवू नका, दाण्यातल्या तेलानं आठ-दहा दिवसांत कडवटतं.

आणि गहू एकदम भरायचा मोह टाळा. नवा माल मार्च-एप्रिलात येतो, तेव्हा भाव नरम असतो खरा. पण सरकारनं गोदामातला गहू खुल्या बाजारात सोडला की भाव उतरतो आणि महाग घेतलेला साठा अंगावर येतो. त्यात आपल्याकडच्या पावसात ओल 12 टक्क्यांवर गेली की सोंडे (धान्यातले किडे) पडलेच समजा. जूनच्या आत लागेल तेवढाच, वाळवून, फळीवर रचून ठेवा. भिंतीला पोतं टेकवू नका.