खालची पानं पिवळी पडतात त्याबद्दल

वर दापोलीच्या काकांनी विचारलंय की भाताचे दाणे भरायला लागले की खालची पानं पिवळी पडतात, तर युरिया मारू का. काका, दरवेळी ती खताची कमतरता नसते हो, त्या वेळी झाड स्वतःच पान मोडीत काढतं. पानातला बहुतेक नायट्रोजन हरितद्रव्य असलेल्या कणांमध्ये असतो, ते आधी सुटे होतात आणि माल दाण्यात जातो, पेशीचं केंद्रक मात्र जवळजवळ शेवटपर्यंत टिकतं कारण हुकूम तिथूनच सुटतात.

अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडात हे छान उलगडलंय (2009). ओआरई1 नावाचा जीन म्हातारपण आणतो, पण कोवळ्या पानात मायक्रोआरएनए 164 (जीनचं काम रोखणारा आरएनएचा छोटासा तुकडा) त्याला दाबून ठेवतो, वय वाढलं की हा मायक्रोआरएनए कमी होतो आणि ओआरई1 मोकळा सुटतो. मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं, म्हणजे म्हातारपणाची तयारी कोवळेपणीच असते, फक्त ब्रेक लावलेला असतो!

आणि पान जास्त दिवस हिरवं म्हणजे चांगलंच असं पण नाही. गव्हात एनएएम-बी1 जीन चालू असेल तर पानं लवकर पिकतात पण दाण्यात प्रोटीन, झिंक, लोह जास्त उतरतं (2006 चं संशोधन).

त्यामुळे काका, लोंबीजवळचं वरचं पान हिरवंगार असेल तर आता युरिया नकोच, उगाच करपा आणि तुडतुडे वाढतील.