पट्ट्याला नवं भोक पाडलंय का कुणी? (अनुभव लिहा)

परवा मंगळवार पेठेत शिंप्याकडं पँटचं माप द्यायला गेलो. टेप फिरवून त्यानं आतल्या पोराला ओरडून सांगितलं, "कंबर साडेसदतीस!" दुकानात चार गिऱ्हाइकं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि एकदम आबांचा पट्टा आठवला. दिवाळीच्या आसपास ते दाभण तापवून पट्ट्याला स्वतःच नवं भोक पाडायचे. आई म्हणायची, खात्यापित्या घरचा माणूस दिसतोय. बीपी कधी मोजलंच नाही, कारण दुखत काहीच नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी दाढी करताना हातातला ब्रश निसटला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात बीपी २१० निघालं. पुढं अकरा वर्षं उजवा हात लुळा. एका हातानं पट्टा लागत नाही, तो मी लावून द्यायचो.

आपल्याकडच्या पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा ८०. इंचात साडेपस्तीस आणि साडेएकतीस. तुमचं काय ते लिहा.

टेपवाली: दादा, शिंपी बेंबीच्या खाली मापतो. श्वास सोडून बेंबीच्या रेषेत टेप धरा, म्हणजे खरा आकडा कळेल. वाईट बातमीबद्दल सॉरी 😄

धागाकर्ता: मोजलं. ३९. धन्यवाद, फार उपकार झाले.

कटाची_वाटी: तांबडा रस्सा सोडा म्हणणाऱ्यांनी इकडं फिरकू नये. आमच्या ह्यांचं बीपी १५०/९६. डॉक्टर म्हणाले दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मी म्हटलं भाजीत त्याहून कमीच घालते की. मग एक दिवस नुसतं बघत बसले. सकाळी लोणचं, दुपारी पापड, ठेचा, ताकात चिमूट, संध्याकाळी फरसाण. भाजी बिचारी निर्दोष! पापड बंद केला, बरणी माळ्यावर टाकली. आता १३२/८४. गोळी चालूच आहे हां, ती बंद केलेली नाही.

रंकाळा_फेरी: मी रोज रंकाळ्याला फेरी मारतो आणि चौपाटीवर भेळ खाऊन घरी येतो. हिशेब बरोबर.

माजी_पैलवान: तालीम सुटली पण खुराक सुटला नाही, ह्याच्यात आमच्यातली निम्मी पोरं गेली. सकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, घरात तूप, बदाम, मटण. जोर-बैठका होत्या तवर सगळं जिरत हुतं. पुढं दुकानात बसून तेच खाल्लं. चाळिशीत शुगर. आता दूध एक कप, आणि रोज तीस मिनिटं झपाझप चालतो. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही असा वेग ठेवायचा. लाल मातीची सवय, डांबरावर गुडघं दुखतात ओ. बूट कुठलं घेऊ?

टेपवाली: पैलवान, बूट संध्याकाळी घ्यायला जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात.

शिरोली_नाईट: फौंड्रीत रात्रपाळी. पाळीत आठ कप चहा, कपाला दोन चमचे साखर. मोजलीच नव्हती कधी. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले काठावर आहेस, अजून पडला नाहीस. दोन कपांवर आलो, बिनसाखरेचे. परवा ५.८. झोपेचं मात्र काही जमत नाही, दिवसा शेजारी बोअर मारायलेत.

थोरली_सून: माझं पट्ट्याचं नाही, मिश्रीचं आहे. सासूबाई रोज चार वेळा लावायच्या. "तंबाखू कुठं खाते मी, दात घासते" हे ठरलेलं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की! गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. ते आठ दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सोडली, पण डबी अजून उशाला असते. रिकामी. रात्री एकदा उघडून वास घेतात. मी बघून न बघितल्यासारखं करते.

कटाची_वाटी: अगं 😢 माझी आजी पण लावायची.

जोतिबाचा_डोंगर: भाऊ ४२ व्या वर्षी गेला. रोज दोन पाकिटं सिगारेट. जास्त लिहवत नाही. मी त्याच आठवड्यात सोडली.

धागाकर्ता: जोतिबा, फोन करतो संध्याकाळी.

रंकाळा_फेरी: भेळेचं लिहिलं त्याची लाज वाटायला लागली राव. उद्यापासून पाकीट घरी ठेवून जातो.

माजी_पैलवान: भेळवाला उधार देतोय, ठाऊक हाय मला.

धागाकर्ता: पँट आणली. शिंप्यानं आत दोन इंच कापड जादा दाबून ठेवलंय. "पुढं लागंल, सायेब."

कटाची_वाटी: माणूस अनुभवी दिसतोय. शिलाई किती घेतो? ह्यांच्या दोन पँट आत घ्यायच्यात.