कारणावर बरंच काही अवलंबून असतं
'एकदा सिरोसिस झाला की कारण काहीही असो, पुढचं सगळं सारखंच' असं एक विधान वाचलं, ते पटलं नाही. (सिरोसिस म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक होणं.) शेवटची अवस्था सारखी दिसते खरी, पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या वगैरे. पण तिथवर पोचायला लागणारा काळ आणि मागे फिरण्याची शक्यता कारणावरच ठरते.

हेपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार घ्या. यात सिरोसिस नसतानाही यकृताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून रक्ततपासणीत यकृताचे एन्झाइम्स नॉर्मल आले तरी जोखीम जास्त असलेल्यांना दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगतात, आणि 'मला काही त्रास नाही' म्हणून लोक नेमकी तीच टाळतात. हेपॅटायटिस सीचा विषाणू बहुधा 20-30 वर्षं गुपचूप पोखरत राहतो, पण आता 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या शरीरातून तो जातो. (सिरोसिस आधीच झाला असेल तर तपासण्या त्यानंतरही चालूच.)

दारूमुळे होणारा यकृताचा आजार सगळ्यांत बेभरवशाचा. वर्षानुवर्षं काही नाही, आणि मग अचानक गडद कावीळ. उलट, पूर्ण सोडल्यावर पोटातलं पाणी ओसरलेले पेशंटही असतात. फॅटी लिव्हरवाल्यांना (यकृतात चरबी साठलेल्यांना) बऱ्याचदा यकृताआधी हृदयच दगा देतं, तेव्हा नुसत्या एसजीपीटीवर (यकृताच्या रक्ततपासणीतल्या एका एन्झाइमवर) डोळे लावून बसू नका. साखर, बीपी, कोलेस्टेरॉलही बघा.