चिऊचा दात आणि परीचा दर

चिऊची आई (एडिसन, न्यू जर्सी):
सर्वांना नमस्कार. चिऊचा खालचा पुढचा दात परवापासून हलतो आहे आणि आज सकाळी तर जिभेने ढकलला की तो पार आडवा होतो, म्हणजे आता फार तर दोन-तीन दिवसांचा सोबती. इथे पडलेला दात रात्री उशीखाली ठेवतात आणि टूथ फेअरी तो नेऊन त्या जागी काहीतरी ठेवते, हे आमच्या थोरल्या दादूच्या वेळेपासून आपल्या सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न त्या 'काहीतरी'चा आहे. चिऊच्या वर्गातल्या एका मुलीला गेल्या आठवड्यात पहिल्या दाताचे 20 डॉलर मिळाले आणि वर एक खेळणे. डबा खाण्याच्या सुट्टीत ही बातमी वर्गभर झाली आणि तेव्हापासून आमचे कन्यारत्न रोज रात्री बोटांवर विसापर्यंत मोजते आहे. "परी सगळ्यांना सारखेच देते ना?" असे तिने काल विचारले, तेव्हा आमटीला फोडणी द्यायची आहे असे सांगून मी स्वयंपाकघरात पळ काढला.

इथली डेल्टा डेंटल ही दातांच्या विम्याची कंपनी 1998 पासून पालकांना विचारून एका दाताची सरासरी काढत आली आहे. पहिल्या वर्षी ती 1 डॉलर 30 सेंट होती, 2023 मध्ये 6 डॉलर 23 सेंटपर्यंत चढली आणि 2025 मध्ये 5 डॉलर 1 सेंटवर उतरली. चिऊच्या बाबांचे म्हणणे असे की सरळ पाचाची नोट ठेवावी आणि मोकळे व्हावे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही नीट सांगता येत नाही. म्हणून आपणा सर्वांचे मत हवे आहे.

नाना (वाई):
सूनबाई, लोकांच्या सरासरीवरून आपल्या घरातला व्यवहार ठरवू नये, हे माझे पहिले मत. दुसरे असे की, आपल्या घरी दाताचे पैसे कधीच कोणी दिले नाहीत. पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकायचा आणि "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा जुना दात घे, तुझा नवा दात दे" असे मोठ्याने म्हणायचे, एवढाच विधी होता. माझे, माझ्या भावंडांचे आणि तुमच्या तिघांचे असे सगळे दात माजघरावरच्या कौलांवर गेले. पुढे घर शाकारताना कौले उतरवली, तेव्हा मी मुद्दाम शिडीवर चढून पाहिले, तर एकही दात सापडला नाही. म्हणजे मामा कामाला चोख होता. त्याने बदल्यात दात दिले, नोटा दिल्या नाहीत.

आत्या (पुणे):
नाना, त्यांच्या इमारतीचे छप्पर तीन मजले वर आहे आणि शेणाची गोळी एडिसनमध्ये मिळाली तरी ती वर फेकल्यावर खालचे शेजारी काय म्हणतील, याचा विचार व्हावा.

वहिनी, आधी दातांची डॉक्टर म्हणून सांगते. खालचे मधले दोन दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, तेव्हा सगळे वेळापत्रकाप्रमाणे चालले आहे. दोरा बांधून ओढू नका, तिचा तिला हलवू द्या. खाताना गिळला गेला तरी घाबरण्याचे कारण नसते. दुधाचा दात तसाच घट्ट असताना मागून दुसरी रांग दिसू लागली, तर मात्र तिथल्या डॉक्टरांना दाखवून घ्या. दुधाचे दात एकूण 20, शेवटचा पडेपर्यंत बारावे वर्ष उजाडते. त्यामुळे आज जो दर ठरवाल तो 20 वेळा द्यावा लागणार आहे, हे दादाच्या कानावर घाला.

आता परीबद्दल. या परीचा छापील उल्लेख 1908 सालच्या सप्टेंबरमध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या घरगुती सूचनांच्या सदरात आला होता. हलणारा दात काढू न देणाऱ्या हट्टी मुलाला परीचे आमिष दाखवावे, असा तो सल्ला होता, आणि त्यासाठी आयांनी 5 सेंटच्या वस्तूंच्या काउंटरवरून किरकोळ चिजा आणून ठेवाव्यात असे पुढे सुचवले होते. म्हणजे मूळ कल्पना किरकोळ चिजेचीच. विसाची नोट ही मागाहून आलेली सूज आहे.

काका (लंडन):
आमच्याकडे इतका विचारच करावा लागला नाही. आमच्या ओळखीतल्या सगळ्या घरांत एक पौंडाचे नाणे ठेवतात, तेच आम्ही दोघांसाठी ठेवत आलो आणि कोणी घासाघीस केली नाही. नाणे असण्याचा फायदा असा की ते मुलाला मुठीत धरता येते. नोट सकाळी उशीखाली चुरगळलेली निघते आणि आई लगेच ती "जपून ठेवते", हे मुलांना चांगले माहीत असते.

नानांसाठी एक आनंदाची बातमी. दोन वर्षांपूर्वी आम्ही माद्रिदला गेलो होतो, तिथे आरेनाल रस्त्यावर 8 क्रमांकाच्या घराला चक्क उंदराच्या नावाची पाटी आहे. स्पेनमध्ये परी येत नाही, पेरेझ नावाचा उंदीर येतो. लुइस कोलोमा नावाच्या पाद्र्याने 1894 च्या सुमारास आठ वर्षांच्या राजाचा, तेराव्या आल्फोन्सोचा, दात पडला तेव्हा ही गोष्ट त्याच्यासाठी लिहिली. गोष्टीतला उंदीर मिठाईच्या दुकानात बिस्किटांच्या डब्यात राहतो. फ्रान्समध्येही दात न्यायला उंदीरच येतो.

नाना (वाई):
मी काय म्हणत होतो?

चिऊची आई (एडिसन, न्यू जर्सी):
नाना, मामांचा मान राहील याची व्यवस्था करते, पण इथे दुसरीच अडचण उभी राहिली आहे. दादू नऊ वर्षांचा झाला आणि त्याला सगळे माहीत आहे. सातव्या दाताच्या वेळी त्याचे बाबा तोंडात छोटी बॅटरी धरून, गुडघ्यांवर बसून उशीखाली हात घालत होते, तेव्हा त्याने एक डोळा उघडून पाहिले, पण आठव्या दाताचे पैसे मिळेपर्यंत तो काही बोलला नाही. त्याला प्रत्येक दातामागे जेफरसनचे चित्र असलेली दोन डॉलरची एक नोट मिळाली आहे आणि त्या आठही नोटा त्याने वहीत चिकटपट्टीने लावून ठेवल्या आहेत. आज मी आणि हे पाच डॉलरबद्दल बोलत होतो, तर तो पाणी पिण्याच्या निमित्ताने आला, शांतपणे पेला ठेवला आणि म्हणाला, "तिला पाच दिलेत, तर मला आठ दातांचे प्रत्येकी तीन असे 24 डॉलर द्यावे लागतील."

नाना (वाई):
शाब्बास. हा मुलगा माझ्यावर गेला आहे. वेतन आयोग मागील तारखेपासून लागू झाला की फरक द्यावाच लागतो. माझ्या नोकरीत फरकाची बिले काढण्यात किती मार्च महिने गेले ते मला ठाऊक आहे. त्याची मागणी नियमाला धरून आहे आणि ती फेटाळण्याचा अधिकार त्याच्या बापालाही नाही. फरक द्यायचा नसेल, तर दर वाढवू नका.

आत्या (पुणे):
नानांशी पहिल्यांदाच पूर्ण सहमत. वर्गातल्या मुलीशी तुलना चार दिवस चालेल, भावाशी तुलना जन्मभर. शिवाय दादूचे बारा दात अजून शिल्लक आहेत. दहाव्या वर्षाच्या आसपास पुन्हा पडझड सुरू होईल आणि तेव्हा तो नवीनच दर मागेल.

आजी (वाई):
चॉकलेट ठेवू नका, एवढेच माझे म्हणणे.

चिऊची आई (एडिसन, न्यू जर्सी):
तर मग असे ठरवते आहे. किंमत दोनच डॉलर, दादूला मिळाले तेवढेच. पण नोट न ठेवता भाऊजींच्या म्हणण्याप्रमाणे एकेक डॉलरची दोन सोनेरी नाणी. 2000 सालापासून निघालेल्या या नाण्यावर साकागाविया नावाच्या शोशोनी जमातीच्या तरुणीचे चित्र आहे. लुईस आणि क्लार्क हे अमेरिकी शोधप्रवासी पश्चिमेकडे निघाले होते, तेव्हा ती तान्हे मूल घेऊन त्यांच्याबरोबर चालली होती, म्हणून नाण्यावरही तिच्या पाठीला बाळ बांधलेले दिसते. चिऊ दिवसभर बाहुली पाठुंगळीला बांधून फिरत असते, तेव्हा हे तिला नक्की आवडेल. आज यांनी बँकेतून 25 नाण्यांची अख्खी गुंडाळीच आणली आहे, म्हणजे पहिल्या बारा दातांची सोय झाली आणि एक नाणे उरले. वर्गात 20 डॉलरचा विषय निघालाच, तर प्रत्येक घराची परी वेगळी असते असे सांगेन. खोटे बोलायचेच आहे, तर निदान उपयोगाचे बोलावे.

फक्त एकच झाले आहे. गुंडाळी फोडली, तर नाणी तपकिरी पडलेली निघाली. सोनेरी म्हणण्यासारखे त्यांच्यात काही नाही.

आजी (वाई):
अगं, त्यात तांबे असणार. चिंचेच्या कोळात थोडे मीठ घालून घास, नाहीतर पितांबरी आण. तिकडच्या किराणा दुकानात मिळत असेल.

काका (लंडन):
वहिनी, घासायचे काम दादूला द्या. जो परीच्या कारखान्यात कामाला लागतो, तो बाहेर गुपित फोडत नाही. माझ्या थोरल्याच्या बाबतीत हा उपाय शंभर टक्के लागू पडला होता.

चिऊची आई (एडिसन, न्यू जर्सी):
(चार दिवसांनी) दात काल शाळेत सफरचंद खाताना पडला. बाईंनी तो एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून घरी पाठवला. मक्याच्या लहान दाण्याएवढा आहे, खालच्या कडेला रक्ताची बारीक तांबडी रेघ. आईंनी लग्नात दिलेल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून तो उशीखाली ठेवला होता. दादूने संध्याकाळी न्हाणीघराचे दार लावून अर्धा तास पितांबरीने दोन्ही नाणी घासली, इतकी की एकावरच्या बाळाचा डोळा मला दिसेनासा झाला आहे, पण चकाकी अशी की अंधारातही हाती लागावीत. रात्री ठेवायलाही तोच गेला. त्याच्या बाबांना यंदा उशीखाली हात घालू दिला नाही.

नाना, डबीतला दात मी काढून घेतला आहे आणि मे महिन्यात वाईला येताना बरोबर आणते आहे. कौल आणि शेण यांची व्यवस्था आपण पाहावी.

सकाळी चिऊने नाणी पाहिली, पाठीवरचे बाळ पाहिले, विसाचे नावही काढले नाही. मग दोन्ही नाणी नाकाशी धरून तिने विचारले, "परीच्या हाताला आजीच्या देवघरासारखा वास कसा येतो?" दादू माझ्याकडे बघत उभा होता. मी पुन्हा फोडणीचे निमित्त सांगून आत आले आहे आणि गॅसही पेटवलेला नाही. संध्याकाळी ती शाळेतून येण्याआधी उत्तर सुचवावे.

नाना (वाई):
तिला सांग, मामांकडून आली असेल. आपल्या देवघरामागेच त्यांचे बीळ आहे.